लेकीचं नाव अहिल्या ठेवू का?

पत्राचा सारांश: इंदूरच्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय तिशीच्या आतलं, बँकेत नोकरी, सध्या बाळंतपणाची रजा. माहेर सांगलीकडचं, सासर कित्येक पिढ्या इंदुरातलं. मुलगी दीड महिन्याची झाली तरी बारसं अडलंय, ते नावापायी. आजेसासूबाईंनी नाव सुचवलंय, खरं तर जाहीरच केलंय: अहिल्या. सासूबाई गप्प. माहेरची आई फोनवर रडली. तिचं म्हणणं, "एक अहिल्या शिळा झाली. दुसरी ऐन तारुण्यात विधवा झाली, पोटची पोरं तिच्यादेखत गेली. असलं नाव कुणी लेकराला ठेवतं का?" एका चुलत सासूबाईंनी भर घातली की अहि म्हणजे साप. पत्रिकेत नक्षत्र रोहिणी आणि अक्षर 'वी' आलंय. मैत्रिणीच्या स्वतःच्या मनात 'मायरा' आहे; छोटं, गोड, "आणि अर्थही छान". नवरा म्हणतो, "तुम्ही बायका ठरवा, मला काहीही चालेल." तिचे प्रश्न दोन. ज्या नावामागं इतकं दुःख आहे ते ठेवावं का? आणि ठेवायचं नसेल तर पंच्याऐंशीच्या आजींना नाही कसं म्हणायचं?

प्रिय मैत्रिणी,

आधी तुझ्या नवऱ्याचं आटपून घेऊ, म्हणजे पुढं निवांत बोलता येईल. "मला काहीही चालेल" हे ऐकायला समंजस वाटतं. पण त्याची आजी एकीकडे, तुझी आई दुसरीकडे आणि मधे ओली बाळंतीण तू, अशा वेळी काहीही चालणारा माणूस सगळ्यात सोयीची खुर्ची धरून बसलेला असतो. मुलीच्या नावापुढं उद्या त्याचंच नाव लागणार आहे. त्याला सांग, मत दे. आम्हाला पटणार नाही असं दे, पण दे. आणि आजी त्याची आहे, तेव्हा तिच्याशी बोलायची वेळ आली तर तोंड तो उघडेल, हेही आजच ठरवून टाक.

आता नाव.

आईवर रागावू नकोस. इतक्या लांब बसून नातीसाठी तिला दुसरं काही करता येत नाही. निदान नाव तरी धडाचं असावं, एवढीच तिची धडपड. आणि ही भीती तिच्या एकटीची नाही. मराठी घरांत काही नावं पाळण्याच्या आसपासही फिरकत नाहीत. मंदोदरी कुणी ठेवत नाही, कैकेयी तर नाहीच नाही. सीता आपल्या आज्यांच्या पिढीबरोबर मागं पडली. गंमत अशी की जानकी चालते, वैदेही चालते, मैथिली चालते. बाई तीच, वनवास तोच, अग्निपरीक्षाही तीच. मग आपण भितो ते गोष्टीला की फक्त त्या एका हाकेला? आईशी भांडायला म्हणून हा प्रश्न वापरू नकोस, पण स्वतःला विचारून बघ.

आणखी एक. अहल्येच्या गोष्टीत माणसं तीन. मुनीचा वेश घेऊन आश्रमात शिरणारा इंद्र, शाप देणारा गौतम आणि शाप भोगणारी ती. आता तुझ्या ओळखीतली नावं आठव. देवेंद्र, महेंद्र, सुरेंद्र: सगळी इंद्राची. ती आपल्या काकांची आहेत, साहेबांची आहेत, शेजाऱ्यांची आहेत. गौतमही आहेत, त्यात बुद्धाचा वाटा मोठा हे मान्य, पण एखाद्या बारशाला कुणी उठून "अहो, शाप देणाऱ्याचं नाव कशाला?" असं म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. इंद्राच्या नावाला त्याच्या करणीचा डाग लागत नाही आणि अहल्येच्या नावाला तिच्या भोगाचा लागतो. हा हिशेब कुणी मांडला आणि आपण तो इतकी वर्षं मुकाट्यानं का चालवला, हे मला खरोखर कळत नाही.

राहिली ती शिळा. आईनं ऐकलेली गोष्ट काही खोटी नव्हे. कीर्तनांतून, चित्रांतून, आणि आपल्या माळव्यात तर तुलसीदासांच्या रामचरितमानसातून ती घरोघर पोचली आहे: रामाच्या पायाची धूळ लागली आणि दगडाची बाई झाली. पण वाल्मीकींच्या बालकांडात दगड नाहीच. तिथं गौतम म्हणतो, तू इथंच राहशील, वारा खाऊन, राखेत पडून, कुणालाही न दिसता, राम येईपर्यंत. पुढं राम-लक्ष्मण त्या आश्रमात येतात, ती दिसू लागते, आणि ते दोघे तिच्या पायांना हात लावतात. हो, ते तिच्या. ती त्यांचं आतिथ्य करते आणि नवऱ्याबरोबर पुन्हा तपाला लागते. तिथंच हेही लिहिलंय की वेश पालटून आलेला इंद्र तिनं ओळखला होता. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण उद्या कुणीतरी तेवढंच वाक्य तुझ्या तोंडावर फेकेल. नंतरच्या पुष्कळ कथांमध्ये ती फसवली गेली असं आहे. एवढ्या जुन्या गोष्टीचं एकच रूप कसं असेल?

शब्दाच्या अर्थात तर दुःख शोधूनही सापडत नाही. उत्तरकांडात ब्रह्मदेवाच्याच तोंडी फोड आहे: हल म्हणजे कुरूपता, त्यातलं काही जिच्यात नाही ती अहल्या. दुसरी फोड नांगराची. हल म्हणजे नांगर. ज्या जमिनीला नांगर लागलेला नाही ती अहल्या. पहिला अर्थ आईला सांग. चुलत सासूबाईंना एवढंच सांग की मूळ शब्द 'अहल्या' असा आहे, 'ह'वरची वेलांटी नंतर बोलण्यातून आली, तेव्हा सापाला घरी जाऊ दे. त्या शास्त्राचा हट्ट धरतील तर मनुस्मृतीत वधूच्या नावांबद्दल एक श्लोक आहे. सापाच्या नावाची मुलगी करू नये असं त्यात आहे खरं, पण त्याच दमात नक्षत्रांची, झाडांची, नद्यांची आणि पक्ष्यांची नावंही वर्ज्य केली आहेत. म्हणजे रोहिणी, तुळसा, गोदावरी, मैना सगळ्या बाद. तो नियम पाळला असता तर निम्म्या महाराष्ट्राचं लग्नच जमलं नसतं.

आणि आई सकाळी देवापुढं काय म्हणते ते आठव. 'अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा' हा श्लोक बहुतेक मराठी घरांत म्हटला जातो. या पाच जणींचं रोज स्मरण केलं की महापातकं जातात म्हणे. पाचांपैकी एकटी तारा आज आपण लेकींना सर्रास देतो, बाकीच्या चौघी आता देवघरातच ठेवल्या आहेत.

एवढं सगळं आईला वाचून दाखवलंस तरी तिची धास्ती जाईल, असं मला वाटत नाही. श्लोकांनी भीती जात नसते. पण तुझ्या स्वतःच्या मनात जी शंका शिरली आहे, तिच्यापुरतं हे पुरेसं आहे.

आता दुसरी अहिल्या, आपली, होळकरांची. ३१ मे १७२५ ला चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या घरी मुलगी झाली, तेव्हा हे नाव घेताना लोकांच्या डोळ्यांपुढं घाट नव्हते, देवळं नव्हती, विमानतळ नव्हता. होती ती फक्त गौतमाची बायको. आज तुझी आई ज्या नावाला बिचकते, तेच त्या आईबापांनी उचललं. म्हणजे त्या काळी गावातल्या साध्या घरातही ते नाव चालत होतं. ही धास्ती आपल्याला वाटते तेवढी जुनी नसावी.

तिच्या वाट्याला दुःख आलं, त्यात वाद नाही. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव तोफेच्या गोळ्यानं गेले. तो गोळा काही नाव विचारून आला नव्हता. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. १७९१ मध्ये जावई वारले आणि लेक मुक्ताबाई सती गेली. जिला स्वतःला मल्हाररावांनी सती जाण्यापासून परावृत्त केलं होतं, तिला पोटच्या पोरीला थांबवता आलं नाही. हे वाचताना आजही गलबलतं. पण तुझी आई हिशेब इथंच थांबवते, आणि मला तो अर्धा वाटतो. सासरे हयात असतानाच ती दफ्तर आणि वसुली बघत होती, तोफखान्यासंबंधीच्या सूचना पत्रांतून तिच्या नावे येत होत्या. १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ ला डोळे मिटेपर्यंत महेश्वरहून राज्य चालवलं. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ तिनं १७८० मध्ये बांधवलं. सोमनाथचं देऊळ, गयेचं विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा, महेश्वरात वसवलेले विणकर. आईच्या कपाटात एखादी महेश्वरी असेल तर तीही याच खात्यातली. नवरा गेल्यावरची ती चार दशकं वगळून तिला 'विधवा' या एका शब्दात बसवायचं?

(जाता जाता: इंदूर तिची राजधानी कधीच नव्हती. होळकरांची राजधानी इथं आली १८१८ मध्ये, ती गेल्यानंतर. हे आजींना सांगायला जाऊ नकोस. काही माहिती खरी असली तरी दुपारच्या चहाला न्यायची नसते.)

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, ताई तर आजींच्या बाजूनं झाल्या. नाही. माझी खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती तुझ्या पत्रात कुठंही नाही.

या शहरात अहिल्या हे नाव माणसाचं राहिलेलं नाही. विमानतळ तिच्या नावाचा. विद्यापीठ तिच्या नावाचं. १९६४ मध्ये ते इंदूर विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि १९८८ मध्ये देवी अहिल्या विश्वविद्यालय झालं. राजवाड्यापुढच्या बागेत पुतळा, पुण्यतिथीला पालखी. तिकडं २०२४ मध्ये अहमदनगरचंही अहिल्यानगर झालं, आणि २०२५ च्या तीनशेव्या जयंतीनं तर फलक, भाषणं आणि शाळांच्या स्पर्धा यांचा पूर आला. देवी, लोकमाता, पुण्यश्लोक, मातोश्री. पांढरं वस्त्र, हातात पिंड, नजर खाली. तुझी आई शिळेला घाबरते. मला धास्ती आहे ती पुतळ्याची, कारण तोही दगडाचाच.

तुझी मुलगी तिसरीत जाईल. गृहपाठ करणार नाही, भावंडाला चिमटा काढेल, खोटं बोलेल, सगळी पोरं करतात ते सगळं करेल. तेव्हा वर्गात बाई म्हणतील, "नाम अहिल्या और काम देखो." सोळाव्या वर्षी ती केस रंगवून येईल, तेव्हा कुणीतरी काका म्हणतील, "नावाची तरी लाज ठेव." मायरा किंवा सई नावाच्या मुलीला हे ऐकावं लागत नाही. नेहा नापास झाली तर नेहा नापास होते. अहिल्या नापास झाली की इतिहासाचा अपमान होतो. मुलगा शिवाजी असला तर हेच होतं, म्हणून तर एवढी भक्ती असूनही आपण ते नाव पोरांना फारसं ठेवत नाही. शिवराज, शिवांश अशा पळवाटा काढतो. मुलीच्या बाबतीत ओझं जास्त. राणीचं कौतुक करताना आपल्याला तिचा तोफखाना आठवत नाही, तिचा संयम आठवतो, त्याग आठवतो, साधेपणा आठवतो. म्हणजे नेमकं तेच, जे तसंही प्रत्येक मुलीकडून मागितलं जातं. आता ते नावासकट मागितलं जाईल.

म्हणून माझी अट आहे. नाव ठेवायचं तर ते त्या मुलीच्या वागण्याचं मोजमाप म्हणून घरात कधीही वापरायचं नाही. आजींनी नाही, नवऱ्यानं नाही, तूही नाही. चिडलीस तरी नाही. आपल्याकडे लेकरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात, नावही तसं सैल असू दे. तिला वाटलं तर भरेल, नाहीतर तसंच वापरेल.

आपली भाषा या कामात मदत करते. नीट ऐक. आपण म्हणतो 'अहल्येचा उद्धार'. आपण म्हणतो 'अहिल्याबाईंचा घाट'. आणि तुझ्या घरात रोज सकाळी म्हटलं जाईल 'अहिल्याचा डबा भरला का?' 'अहल्येचा' नाही, 'अहिल्याबाईंचा' तर नाहीच. एकच नाव, पण पुराणातलीला वेगळं रूप, राणीला वेगळं, आणि घरातलीला तिसरंच. मराठी बोलणारा माणूस या तिघींची गल्लत करत नाही, मुद्दाम केली तरच होते. त्यामुळे नाव ठेवलंस तर 'बाई', 'देवी' असलं शेपूट कागदावर लावू नकोस आणि कौतुकानंही वापरू नकोस. शिवाय 'बाई' मराठीत मानाचं असलं तरी इथल्या हिंदीत ते भांडी घासायला येणाऱ्या मावशींसाठीच उरलं आहे, आणि शाळेतली मुलं हिंदीत चिडवतात.

चिडवण्यावरून आठवलं. ठरवण्याआधी एक साधं काम कर: नाव मोठ्यानं उच्चारून बघ. गच्चीवरून खाली हाक मारल्यासारखं. मग रागानं. मग हिंदीत, शाळेत हजेरी घेतात तसं, आडनावासकट. मग लाडानं, कारण अहिल्या हे चार घास एकदम तोंडात घेतल्यासारखं नाव आहे आणि घरात ते कुणीच पूर्ण म्हणणार नाही. अहू होईल, अही होईल, हिलू होईल. इंदुरात पहिल्या दिवशीच 'आलू' होण्याची शक्यता मी नाकारत नाही. आणखी एक बारकावा: मराठीत 'या'नं संपणारी हाक सहसा पोरांची. बंड्या, पिंट्या, बाळ्या. त्यामुळे लाडाचं रूप तुम्हीच आधी ठरवून रुळवलंत तर बरं, नाहीतर ते गल्ली ठरवते. हे सगळं करून तुझ्या तोंडात नाव बसलं, तर अर्धं काम झालं. दहादा म्हणूनही ते आजींचंच वाटत राहिलं, तर तेही उत्तरच आहे. मुलीला पुढची वीस वर्षं सगळ्यात जास्त हाका तूच मारणार आहेस. तुझ्या जिभेचा हक्क मी सगळ्यांच्या वर ठेवेन.

अक्षराची चिंता सोड. 'वी' आलंय ते नक्षत्रनामासाठी. धर्मसिंधूत नावं चार सांगितली आहेत: देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. नक्षत्राचं नाव पत्रिकेत राहतं, संकल्पात येतं, मुंजी-लग्नाच्या याद्यांत डोकावतं. हाक व्यवहाराच्या नावाची. दोन्ही एका अक्षरावर आणायची सक्ती गुरुजीही सहसा करत नाहीत.

मायराबद्दल माझं काही वाकडं नाही. छोटं आहे, गोड आहे, विमानतळावर आणि बँकेत कुणी दोनदा विचारणार नाही. फक्त "अर्थही छान" हे तू कुठून घेतलंस ते बघ. नावांच्या याद्यांमध्ये प्रत्येक छोट्या नावाचा अर्थ राजकन्या, देवाची भेट किंवा दुर्गा यांपैकी एक असतो, भाषा कुठलीही असो. मायरा हे नाव चारेकशे वर्षांपूर्वी एका इंग्रज कवीनं आपल्या कवितांतल्या प्रेयसीसाठी वापरलं आणि तिथून ते रुळलं. वाईट काय त्यात? पण एका नावाच्या कुंडलीसाठी रामायण उघडायचं आणि दुसऱ्याला मोबाइलवरच्या एका ओळीवर सोडून द्यायचं, हा न्याय नव्हे. मायरा तुला आवडतं म्हणून ठेव. तेवढं कारण पुरतं.

आता आजी. तू विचारलंस, नाही कसं म्हणू. मला वाटतं आधी त्यांना विचार, का? तुझ्या पत्रात सगळ्यांची कारणं आहेत, साप म्हणणाऱ्या सासूबाईंचंसुद्धा आहे, पण आजींचं कारण कुठंच नाही. तू धरून चालली आहेस की इंदूर, होळकर, अभिमान. असेलही. पण त्यांच्या पिढीत लग्नात मुलीचं नावच बदलत. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, आणि माहेरचं नाव त्या दिवसापासून पुसलं जायचं. आजींचं माहेरचं नाव काय होतं, घरात कुणाला माहीत आहे का? दुपारी मुलीला त्यांच्या मांडीवर दे आणि हे विचार. काही निघणार नाही कदाचित. कदाचित एखादी बहीण निघेल, मैत्रीण निघेल, शाळेतली बाई निघेल. कारण कळलं की कधीकधी नावाचा आग्रह आपोआप सैल होतो, कारण त्यांना हवं असतं ते दुसऱ्या रीतीनं देता येतं. आणि कधी उलट होतं: कारण कळलं की आपल्यालाच ते नाव हवंसं वाटतं.

नकार द्यायचाच ठरला तर कारणांची यादी वाचू नका, आईचं नाव तर मुळीच मधे आणू नका. "तिकडच्यांना नको आहे" हे वाक्य एकदा उच्चारलं की दहा वर्षं दिवाळीला निघतं. नवऱ्यानं आजीजवळ बसून एवढंच म्हणावं, "आजी, नाव फार मोठं आहे. आमच्याच्यानं रोज हाक मारवणार नाही. तू बारशाला पाळण्यात तिला त्याच नावानं आशीर्वाद दे, आम्ही हाक मारायला दुसरं ठेवतो." पाळण्यात एकाहून जास्त नावं ठेवायची रीत आहेच. मात्र आजींना खूश करायला पाळण्यात एक आणि त्यांच्या नकळत कागदावर दुसरं, हा डाव खेळू नका. पंच्याऐंशीव्या वर्षी माणसाला कमी ऐकू येतं, कमी कळत नाही. शाळेचा दाखला घरी आला की सगळं उघड होतं.

दोन्ही नावं नको वाटली तर तिसरा रस्ता मी सुचवते, घ्यावासा वाटला तर घे: रेवा. नर्मदेचं नाव. महेश्वर तिच्या काठावर, म्हणजे आजींची अहिल्या त्यात आली. इंदूरच्या नळाला पाणी तिचंच, म्हणजे शहर आलं. दोन अक्षरं, कुठल्याही भाषेत सोपं, म्हणजे तुझी अट पाळली गेली. आईला भ्यायला काही नाही. मनूला नदी चालत नाही, पण त्याला बारशाचं आमंत्रण नाही. फक्त तोडगा म्हणून ठेवू नकोस. तिघींपैकी एकीलाही ते मनापासून आवडलं नाही, तर दोन भांडणाऱ्या नावांपेक्षा हे अनाथ नाव वाईट.

आईला फोन तू कर. समजावायला नको. तिला म्हण, "आई, तुझी भीती मला कळली. आम्ही विचार करतोय. ठरेल ते सगळ्यात आधी तुला सांगेन." आणि खरंच आधी सांग. बारशाच्या दिवशी मांडवात तिला कळता कामा नये. एकदा नात "आजी" म्हणून चिकटली की नावाचा शाप वगैरे तिला आठवणारही नाही, पण आज तिला विचारलं गेलं होतं की नाही, हे मात्र ती विसरणार नाही.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठीही कागदाचं सांगून ठेवते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं: पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा "प्रमाणपत्रासाठी आजच ठरवा" असं कुणी घाई करत असेल तर घाबरू नका, वर्षभर आहे. मात्र एकदा लिहिलंत की जपून. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे जन्माचं प्रमाणपत्रच दाखवावं लागतं, आणि नंतरची दुरुस्ती म्हणजे खेटे. आपल्याकडे ते हिंदी आणि इंग्रजीत निघतं. अहिल्या ठेवणार असाल तर इंग्रजीत 'एच'नंतर 'आय' की 'ए', शेवटी एक 'ए' की दोन, हे घरी कागदावर लिहून न्या आणि आधार, लसीकरणाचं कार्ड, सगळीकडे तेच ठेवा. खिडकीमागचा माणूस त्याच्या मनानं लिहील तेच आयुष्यभर राहील, असं होऊ देऊ नका.

माझं मत तू सरळ विचारलेलं नाहीस, तरी सांगते. मला अहिल्या आवडतं. येत्या काही वर्षांत इंदूरच्या वर्गांत एकीहून जास्त अहिल्या असतील असा माझा अंदाज आहे, आणि तसं झालं तर चांगलंच: मागच्या बाकावर बसणारी एक, पोळी-भाजीचा डबा परत आणणारी एक, खो-खो खेळणारी एक. मग पुतळ्याची तुलना करायला कुणी उरणार नाही. पण हे माझं मत, आणि मी तिला हाक मारायला तुझ्या घरी येणार नाही.

ठरलं की तुझ्या नणंदेला आधी नीट सांगून ठेव. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि पाठीत धपाटे बसत असताना तिच्या तोंडून भलतंच नाव निघालं तर पुढच्या महिन्यात मला तुमच्या घरातून दुसरं पत्र येईल.

तुझी,
ताई